प्लास्टिकमधली बारा जॅकेटं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीतल्या बऱ्याच घटना आता धूसर झाल्या आहेत. गुन्हा कोणत्या साली दाखल झाला, आरोपपत्र कधी गेलं, हे डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. बोरीवलीच्या खाडीतल्या त्या रविवारचं मात्र तसं झालेलं नाही. त्या दिवशी एक माणूस मला खरं सांगत होता आणि मी त्याला म्हणालो, "विचारलं तेवढंच बोल." हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं असेल. त्या एका वेळेचं ओझं अजून वाहतो आहे.

तेव्हा मी खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ठाणे अंमलदारांकडे निरोप आला की गोराईच्या खाडीत एक शिडाची बोट कलंडली, एक वयस्क बाई पाण्यात पडल्या, त्यांना बाहेर काढून रुग्णालयात नेलं आहे. स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदारांना घेऊन जेट्टीवर गेलो. आमचे हवालदार मालवणकडचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे आणि जिभेनं तिखट.

प्रकार असा होता. बोटीचे मालक बोरीवली पश्चिमेच्या एका सोसायटीत राहणारे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. हौस म्हणून त्यांनी सव्वीस फुटांची शिडाची बोट घेतली होती. दर रविवारी नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी यांना खाडीत फिरवून आणायचे. सुकाणू धरायला कोळीवाड्यातला एक तांडेल ठेवला होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्या रविवारी मालकांच्या पत्नीनं सोसायटीतल्या बायकांचं हळदीकुंकू बोटीवर ठेवलं होतं. काळ्या काठपदराच्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगुळाचे डबे, सगळा सरंजाम होता. खाडीच्या मध्यावर फोटोसाठी सगळ्या जणी एका बाजूला उभ्या राहिल्या. तेवढ्यात वारा फिरला, शिडाचा आडवा दांडा झपकन इकडून तिकडे आला, बोट कलली आणि एक निवृत्त शिक्षिका पाण्यात गेल्या. तांडेलानं सुकाणू सोडून उडी मारली आणि त्यांना धरलं. इकडे सुकाणू सुटल्यामुळे बोट मासेमारीच्या खुंटांवर जाऊन अडकली. बाईंचा हात मोडला होता, छातीत पाणी गेलं होतं. बाकीच्या जणींना बोटीसकट एका मच्छीमार होडीनं ओढून जेट्टीवर आणलं.

जेट्टीवर पोचलो तेव्हा मालक माझी वाटच बघत उभे होते. हातात फाइल. आयुष्यात मी अशी फाइल फार थोड्यांकडे पाहिली आहे. बोटीची नोंदणी, वार्षिक तपासणीचा दाखला, विमा, तांडेलाच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रत्येक कागद स्वतंत्र प्लास्टिकच्या कव्हरात, कडेला रंगीत पट्ट्या. शेवटी त्या दिवशीच्या पाहुण्यांच्या सह्यांचा कागद, 'मी स्वतःच्या जबाबदारीवर बोटीत बसत आहे' असा.

मी मुलुंडच्या अशाच एका सोसायटीत वाढलो. वडील पाणीपट्टीच्या पावत्यासुद्धा वर्षवार लावून ठेवायचे. ज्याचे कागद जागेवर, तो माणूस जागेवर, हे आमच्या घरचं शिक्षण. त्या फाइलनं मला जिंकलं, हे आज कबूल करतो.

मालक म्हणाले, तांडेल सुकाणू सोडून गेला म्हणून बोट अडकली, आणि जॅकेट वाटणं हे तांडेलाचं काम, ते त्यानं केलं नाही. बाकाखालची पेटी त्यांनी मला दाखवली. झाकण उघडं होतं, आत बारा लाइफ जॅकेटं होती. दोन पंच बोलावून मी पंचनामा केला: 'पेटीत केशरी रंगाची बारा जॅकेटं, मूळ प्लास्टिक वेष्टनात, सुस्थितीत.' मोजली, लिहिली आणि जप्त केली. ती वेष्टनातच का आहेत, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही.

तांडेल कडेला उभा होता, ओल्या कपड्यांत. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सायेब, पेटीचं एक सांगायचं होतं."

मी म्हणालो, "विचारलं तेवढंच बोल. सुकाणू सोडलंस का?"

"सोडलं."

"जॅकेट दिलीस का?"

"नाय दिली. पन सायेब, पेटी..."

"दिली नाहीस ना? झालं मग."

जबाबात एवढंच लिहिलं गेलं. मासळी घेऊन बसलेल्या बायका, होड्यांवरचे खलाशी, त्याच्या वाड्यातली माणसं, सगळ्यांच्या देखत मी त्याला गाडीत बसवलं. निष्काळजीपणे नौका चालवून जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा त्याच्या नावावर दाखल केला. दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, नोटीस देऊन सोडलं. त्याचं प्रमाणपत्र तपासाच्या कागदांत जमा झालं आणि बंदर कार्यालयाला तसं पत्र गेलं. म्हणजे निकाल लागेपर्यंत त्याला कुठल्याही बोटीचं सुकाणू धरता येणार नव्हतं. त्याचं घर त्या सुकाणूवर चालत होतं. शिवाय समुद्रावरच्या माणसाचं नाव एकदा गेलं की हातात प्रमाणपत्र असूनही त्याला कोणी बोट देत नाही.

पुढच्या दोन दिवसांत हळदीकुंकवाच्या बायकांचे जबाब घेतले. प्रत्येकीला मी एकच प्रश्न विचारला, तांडेलानं जॅकेट दिली का? सगळ्या म्हणाल्या, नाही. ते खरंही होतं. साक्षीदार बहुधा खोटं बोलत नाही, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न वाकडा असेल तर खऱ्या उत्तरानंसुद्धा माणूस अडकतो. हे मला ठाऊक होतं. नव्या उपनिरीक्षकांना मी ते शिकवतही होतो.

तपास संपल्यातच जमा होता. फक्त पाण्यात पडलेल्या बाईंचा जबाब राहिला होता, कारण डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. चौथ्या दिवशी हवालदार माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, जेट्टीवर बोंबील घ्यायला गेलो होतो, तिथली मासळीवाली काही सांगते आहे, बाहेर बसवली आहे. मी म्हणालो, कागदपत्रं सगळी स्पष्ट आहेत, आता काय राहिलंय? फाइलमध्ये सगळं आहे.

हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेबांनू, फाइल पाण्यात तरंगता काय?"

मला राग आला, पण मासळीवाल्या बाईंना आत बोलावलं. साठीच्या, अंगानं धिप्पाड. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. अपघाताच्या दिवशी त्या जेट्टीवर पाटी घेऊन बसल्या होत्या आणि आम्ही पोचण्याआधीचं सगळं त्यांनी पाहिलं होतं.

"पेटीला टालं व्हतं सायेब. मी माज्या डोल्यांनी बगितलं. शेट बोटीवरशी उतरलं, धावत गारीकरं गेलं, चावी आनली, पेटी उघरली. मंग तुमी आलं."

मी विचारलं, पेटीला कुलूप होतं आणि मालकांनी गाडीतून चावी आणली, हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?

"तुमी इचारलं कुनाला? ज्याच्या पायात बूट व्हतं त्यालाच इचारलं."

मला तांडेलाचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. पेटीचं सांगायचं होतं, असं तो दोनदा म्हणाला होता.

तरीही एका बाईच्या सांगण्यावर प्रकरण उलटत नाही. मालक म्हणू शकत होते की ती कोळीवाड्याची, आपल्या माणसाची बाजू घेते. आधार हवा होता. दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंना घरी सोडल्याचं कळलं आणि मी त्यांच्याकडे गेलो. प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून त्या बसल्या होत्या. सूनबाईंनी चहा आणला, तिळगूळ पुढे केला. जबाब सुरू करण्याआधीच बाई उत्साहानं म्हणाल्या, "आधी माझा उखाणा ऐका. पडण्याआधीचा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलाय, बुडालेल्या बाईचा उखाणा म्हणून प्रसिद्ध झालाय."

त्यांचा फोन खाडीत गेला होता, म्हणून सूनबाईंनी आपला काढला. कुणा शेजारणीनं बोट सुटण्याआधी काढलेला व्हिडिओ होता. बाई काळ्या साडीत, गळ्यात हलव्याचा हार, ठसक्यात म्हणत होत्या, "तिळासंगे गूळ शोभे, वाऱ्यासंगे शीड, …रावांचं नाव घेते, आता कसली भीड." टाळ्या, हशा.

आणि त्या हशाच्या मागे तांडेलाचा आवाज. मी सूनबाईंना पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी फोन कानाशी धरला.

"शेट, पेटीची चावी द्या ना. बायांना जॅकेट देतो."

"चावी गाडीत राहिली रे. आणि काठपदरावर जॅकेट घालणार आहेत का त्या? फोटोत काय दिसेल?"

"मी आनतो ना धावत."

"वारा पडेल. तू बोट सोड."

सोसायटीतल्या शंभरेक लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता, नातेवाइकांना पाठवला होता. सगळ्यांनी उखाणा ऐकला. मागे एक माणूस स्वतःला सोडवणारा पुरावा बोलून गेला होता, तो कुणाच्याच कानावर पडला नाही.

बाईंनी विचारलं, "काय झालं हो? पुन्हा पुन्हा काय ऐकताय?"

मी सांगितलं की गुन्हा तांडेलावर दाखल आहे. त्यांचा चेहरा उतरला.

"त्याच्यावर? अहो, त्यानंच मला काढलं. माझा पदर त्या खुंटात अडकला होता, तो फाडला त्यानं पाण्याखाली. त्याच्यावर केस कुणी घातली?"

"मी," मी म्हणालो.

पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई होत्या. म्हणाल्या, "चुकीचं उत्तर पेनानं लिहिलेलं असलं, तर मी मुलांना खाडाखोड करू देत नसे. त्याच्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर उत्तर लिहायचं. चूकही दिसली पाहिजे. तुमच्याकडे काय पद्धत आहे?"

आमच्याकडे पुरवणी जबाबाची पद्धत आहे, आधीचा कागद तसाच ठेवून नवा जोडायचा. बाईंचा जबाब घेतला, व्हिडिओ रीतसर ताब्यात घेतला, मासळीवाल्या बाईंचाही जबाब नोंदवला. मग मालकांना ठाण्यात बोलावलं.

ते फाइल घेऊनच आले. मी व्हिडिओ दाखवला नाही. आधी त्यांना बोलू दिलं. चौकशीत आवाज चढवून फारसं काही मिळत नाही, समोरच्याला त्याच्या बाजूच्या टोकापर्यंत जाऊ द्यावं. मालकांचं म्हणणं पक्कं होतं. ही खासगी बोट आहे, फेरीबोट नाही. कुणाकडून तिकीट घेतलेलं नाही, त्या घरच्या पाहुण्या होत्या. तपासणी वेळेवर झालेली आहे. पाहुण्यांनी सही दिली आहे. मग जबाबदारी त्यांची कशी?

मी त्याआधी बंदर कार्यालयातल्या एका जाणकार निरीक्षकांना भेटून आलो होतो. त्यांचं बोलणं लक्षात राहिलं. ते म्हणाले होते, "आम्ही बोट वर्षातून एकदा बघतो. त्या दिवशी जॅकेटं आहेत का, हे आम्ही सांगू शकतो. बाकी दिवशी ती माणसांच्या अंगावर आहेत का, हे मालकानंच बघायचं. तिकीट नसलं म्हणून पाहुणा कमी बुडतो का? आणि सहीचं म्हणाल तर धोका काय आहे हे सांगितलंच नाही, साधन कुलपात ठेवलं, आणि कागदावर सही घेतली, याला काळजी घेणं म्हणत नाहीत."

मी हवालदारांना मुद्देमालातलं एक जॅकेट आणायला सांगितलं आणि पंचांसमोर मालकांच्या पुढे ठेवलं. म्हणालो, "साहेब, हे जरा घालून दाखवा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. मग त्यांनी वेष्टन फाडायला घेतलं. जाड प्लास्टिक, नखांनी फाटेना. हवालदारांनी कात्री दिली. जॅकेट बाहेर निघालं, पण पट्टा कुठून कुठे जातो हे त्यांना कळेना. डोकं एकदा हाताच्या भोकातून गेलं. एक बक्कल लागेचना, आत गंजून बसलं होतं. पंख्याखाली, कोरड्या जमिनीवर, कुणी पाण्यात ढकललेलं नसताना, त्यांना बराच वेळ लागला. शेवटी अर्धवट बांधलेल्या जॅकेटात ते खुर्चीवर बसले. कपाळावर घाम होता.

मग मी व्हिडिओ लावला. तो संपल्यावर ते म्हणाले, "दोन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. उघडली की मळतात. तपासणीच्या वेळी नवी दिसावीत म्हणून..." मग फाटलेलं वेष्टन उचलून म्हणाले, "आमच्या घरी सोफ्याचंही कव्हर काढलेलं नाही हो."

मला हसू आलं नाही. आमच्या मुलुंडच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. हा गृहस्थ दुष्ट नव्हता. वस्तू जपण्यात त्यानं आयुष्य घालवलं होतं, आणि जपलेली वस्तू माणसाला जपण्यासाठी होती हे तो विसरला होता. पण बोट काठाला लागताच तो आधी गाडीकडे धावला, पेटी उघडली आणि दोष दुसऱ्यावर ढकलला. हे भीतीपोटी केलं असलं, तरी केलं. आणि त्या भीतीवर सरकारी शिक्का मारण्याचं काम मी केलं होतं.

त्यांनी सगळं कबूल केलं. तांडेलाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी वरिष्ठांकडे पाठवला, त्यात माझ्या पहिल्या तपासातल्या त्रुटी नावानिशी लिहिल्या. वरिष्ठ म्हणाले, एवढं स्वतःवर ओढून घ्यायची गरज नव्हती. मी म्हणालो, राहू द्या. आरोपपत्र मालकांवर गेलं. न्यायालयात त्यांनी गुन्हा मान्य केला, दंड भरला. बोटीची फेरतपासणी होऊन ती पुन्हा पाण्यात उतरली.

यातून मी काय शिकलो, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, घटनास्थळी सगळ्यात नीट मांडलेली बाजू सगळ्यात शेवटी ऐका. पंचनाम्यात वस्तू मोजून थांबू नका, ती वापरून बघा. आणि कुणी वाक्य अर्धवट सोडलं, तर ते पुरं झाल्याशिवाय पेन खाली ठेवू नका.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगत नसे. प्रमाणपत्र परत द्यायला तांडेलाला ठाण्यात बोलावलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, "इथे सही कर आणि घेऊन जा." त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. मग विचारलं, "सायेब, बंदरावर काय सांगू?" मी मान वर न करता म्हणालो, "सांग, कागद मिळाला म्हणून." तो गेला. माफीचा शब्द जिभेवर होता. खात्यात तो काढायची सवय नसते, आणि वर्दीत तर नसतेच. शिवाय समोर दोन शिपाई उभे होते.

चोपन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता बरं चाललं आहे. सकाळी फिरतो, नातीला शाळेत सोडतो. मागच्या संक्रांतीनंतर हवालदारांचा फोन आला. तेही निवृत्त झाले आहेत, बोरीवलीलाच असतात. म्हणाले, मालकांच्या बोटीवर पुन्हा हळदीकुंकू आहे, तांडेल तोच आहे, बघायला येताय का? मग म्हणाले, बंदरावर अजून काही जण त्याला पाठीमागे 'केसवाला' म्हणतात.

त्या रविवारी मी जेट्टीवर गेलो. बायका बोटीत चढण्याआधी तांडेल प्रत्येकीला जॅकेट चढवत होता. उन्हानं विटलेली, वापरून मऊ पडलेली जॅकेटं. पदर आत घ्यायचा की वरून, यावर बायकांचा वाद चालला होता. मोडक्या हाताच्या त्या शिक्षिकाबाई, हात आता बरा झालेला, सगळ्यांना दरडावत होत्या, "पदर आत. मी बुडून बघितलंय, माझं ऐका." मालक स्वतः जॅकेट घालून बाजूला उभे होते, बक्कलं नीट लावलेली. पेटीला कुलूप नव्हतं. मला पाहून ते पुढे आले, हात जोडले. मासळीवाल्या बाईंनी ओळखलं आणि म्हणाल्या, "आज बूट नाय घातलं वाटतं सायेबांनी." मी चपला घालून गेलो होतो.

तांडेलानं मला पाहिलं तेव्हा त्याचे हात थांबले. मान थोडी खाली गेली. जुन्या केसमधला माणूस पोलिसाला पाहिल्यावर घालतो, तशी.

काठावर वीसेक माणसं असतील. मासळीवाल्या बायका, होड्यांवरचे खलाशी, काळ्या साड्यांतल्या पाहुण्या. हवालदार माझ्या शेजारी उभे होते. त्या दिवशी मी सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो होतो, म्हणून आजही तसाच बोललो.

"तांडेल, पेटीला कुलूप आहे हे तुम्ही त्या दिवशी मला दोनदा सांगायला आलात आणि मी दोन्ही वेळा तुम्हाला गप्प केलं. तुमची काही चूक नव्हती. तुम्ही चावी मागितली होती, बाईंचा जीवही तुम्हीच वाचवलात. चूक माझी होती. या सगळ्यांच्या देखत मी तुम्हाला इथून गाडीत घालून नेलं, म्हणून या सगळ्यांच्या देखत सांगतो. मला माफ करा."